बाईंनी माफी मागितली नव्हती

बाई गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात खिचडीचा डाव होता. मधली सुट्टी झालेली, व्हरांड्यात पोरांची रांग, आणि स्वयंपाकाच्या मावशी त्या दिवशी लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या. म्हणून मुख्याध्यापक स्वतः वाढपी. फोन लातूरहून सविताचा होता. सविता आमची जुनी विद्यार्थिनी, आता तिथल्या एका दवाखान्यात नर्स आहे, आणि बाई खाटेला लागल्यापासून त्यांच्या लेकीच्या घरी येऊन-जाऊन असायची. “सर, बाई गेल्या. सकाळी साडेनऊला,” ती म्हणाली. मग बाईंनीच लावलेल्या सवयीनं जे दिसलं ते सांगायला लागली. “खिडकी उघडी होती. खाली भंगारवाला ओरडत होता. बाईंनी तिकडं कान दिल्यासारखं केलं... आन् झालं.” मी डाव धरून तसाच उभा. रांगेतली पहिली पोरगी ताट पुढं करून म्हणाली, “वाढा की सर, गार होऊन राहिलं.” वाढलं. दुसरं काय करणार?

बाई म्हणजे शकुंतला सोनकांबळे. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षिका. उंची पाच फुटाला जरा कमी, आवाज मात्र दोन शिवारं ओलांडून जाईल असा. आयुष्यभर त्यांनी आडबाजूच्या वाड्यांवर पोरांना कविता वाचायला आणि लिहायला शिकवलं. पुस्तक स्वतः एकही छापलं नाही. तीन आठवड्यांनी नांदेडला त्यांची शोकसभा झाली. फोटो, हार, समई आणि सहा वक्ते. सहाही जण ‘मी फार वेळ घेणार नाही’ म्हणून सुरू झाले आणि त्यातल्या एकानंही शब्द पाळला नाही. सहावे, शेवटचे होते एक निवृत्त साहेब. रुमालानं डोळे पुसत म्हणाले, “बाईंचं मन मोठं होतं. ते कवितेचं प्रकरण झालं, तेव्हा त्यांनी स्वतः माफी लिहून दिली आणि विषय संपवला. असा मोठेपणा आज कुठं बघायला मिळतो?” सभागृहात माना हलल्या. मी तिसऱ्या रांगेत होतो. मागच्या रांगेतून सविताचा आवाज आला, “सर...?” बस्स, तेवढाच. मी ताडकन उठलो आणि इतकी वर्षं फळ्यापुढं उभं राहून घशात घर केलेला एकच शब्द बाहेर पडला, “चूक!”

पुढं सगळं सांगायला मी तोंड उघडलंही होतं. पण साहेब मुरलेले. माइक न सोडता त्यांनी जाहीर केलं, “आता आपण सर्वजण उभे राहून दोन मिनिटं शांतता पाळू या.” एका माणसाला गप्प करायला अख्खं सभागृह उभं केलं! आता मौनात कोण बोलणार? बाईंच्या फोटोपुढं मी ओठ मिटून उभा राहिलो. मौन संपलं आणि लगेच चहा फिरायला लागला. ती दोन मिनिटं माझ्या पोटात अजून तशीच आहेत. आज ती इथं बाहेर काढतो.

पंधराएक वर्षांपूर्वी आम्ही दोघं एका वाडीवर होतो. वाडीचं नाव लिहीत नाही, कारण त्यातली सगळी माणसं अजून तिथंच राहतात आणि भेटली की चहा पाजतात. डांबरी सडक संपली की पुढं तीन किलोमीटर काळी माती. पावसाळ्यात चपला हातात घ्यायच्या आणि शाळेत पोचल्यावर पायांना चिकटलेलं अर्धं शिवार खरवडून काढायचं. शाळेला दोन खोल्या, मधे पत्र्याची भिंत. मी मूळचा जळकोटकडचा, गणिताचा माणूस. बाईंपेक्षा आठ दिवस आधी नोकरीला लागलो, तेवढ्यावर प्रभारी मुख्याध्यापक झालो. पहिली-दुसरी माझ्याकडं, तिसरी-चौथी त्यांच्याकडं. त्यांच्या कविता पत्रा ओलांडून माझ्या पाढ्यांत घुसायच्या. माझी पोरं सात साते म्हणता म्हणता थांबायची आणि तिकडं कान लावायची. मी पत्र्यावर डस्टर आपटायचो. पलीकडून बाई दोनदा आपटून उत्तर द्यायच्या.

त्यांची रीत साधी होती. शनिवारी सकाळी पुस्तकातली एक कविता वाचायची, पण चालीवर नाही. चाल लावली की त्या हात वर करून थांबवायच्या, “गाऊ नका रे, सांगा. कुणाला तरी सांगून राहिलो असं वाचा.” मग पुस्तकं मिटायची आणि त्या विचारायच्या, “घरून इथपर्यंत येताना काय दिसलं? तेवढंच लिहा. न दिसलेलं एक अक्षरही नको.” लिहिलेले कागद व्हरांड्याच्या भिंतीवर खळीनं चिकटायचे. त्या भिंतीवर मी पहिल्यांदा वाचलेली कविता अजून पाठ आहे:

आमची म्हैस रागीट हाय
बापाला लाथ मारती
मायला मारत न्हाई
म्हशीला कळतं

मी बाईंना म्हणालो, “ही कविता? ही तर घरची तक्रार झाली.” बाई म्हणाल्या, “अप्पा सर, तक्रार म्हशीची हाय. पोरीनं नुसती पोचवली.”

एक दिवस केंद्रप्रमुख तपासणीला आले. भिंत बघून त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. शुद्धलेखन कसलं, ही भाषा कसली! जाताना शेरेबुकात लिहून गेले: ‘भिंतीवर लागणारा प्रत्येक कागद मुख्याध्यापकांनी तपासून सही-शिक्क्यानिशी प्रमाणित करूनच लावावा.’ मी आदेश पाळणारा माणूस. पण कवितेत तपासायचं काय, हे कुणी सांगितलं नव्हतं. मला एकच तपासणी येत होती, उत्तर बरोबर की चूक. म्हणून मी लाल पेन घेऊन कविताही तशाच तपासायला लागलो! आज सांगताना हसू येतं, पण तेव्हा मी अगदी गंभीरपणे टेबलाशी बसायचो. एका पोरीनं लिहिलं होतं:

आमच्या घरात एकच खुर्ची
पावणा आला की बाप उठतो
पावणा गेला की बाप बसतो
माय कधी बसत न्हाई
तिला खुर्ची टोचती म्हणं

मी शेरा मारला: ‘खुर्ची प्लास्टिकची असल्यास टोचणार नाही. पुन्हा पाहावे.’ दुसऱ्या दिवशी पोरीनं खाली लिहून आणलं: ‘पाहिले. प्लास्टिकचीच हाय. तरी टोचती.’ मी गप शिक्का मारला. कुणी लिहायचं, चांदणं दुधासारखं. मी लिहायचो: ‘तुमच्या घरचं दूध निळसर असतं, मी प्यायलोय.’ एकीनं लिहिलं, मुंग्या वाटेत भेटल्या की एकमेकींच्या कानात चहाडी करतात. मी काट मारली. ती पोरगी मधल्या सुट्टीत माझा हात धरून मला चिंचेखाली घेऊन गेली आणि बळंच उकिडवं बसवलं. मी, प्रभारी मुख्याध्यापक, शर्टाच्या खिशात शाळेचा शिक्का, आणि नाक जमिनीला लावून मुंग्या बघतोय. बघतो तर काय, दर भेटीला मुंगी थांबते आणि तोंडाला तोंड लावते! ‘अंशतः बरोबर. चहाडीचा पुरावा नाही,’ असा शेरा मारून कागद भिंतीवर लावला.

मला वाटायचं, बाई वैतागत असतील. एकदा तसं विचारलं तर त्या पोट धरून हसल्या. “सर, तुमचं चालू द्या. तुमच्या भ्यानं पोरं थापा मारायची थांबली. आता चंद्रावर कुणी लिहीत न्हाई, सगळे गल्लीवर आले.” गल्लीवर आलेली पोरं पुढं कुणाच्या दारापर्यंत पोचतात, हे तेव्हा त्यांना ठाऊक होतं. मला नव्हतं.

त्या वर्षी पाणी लवकर आटलं आणि मार्चपासून वाडीला टँकर सुरू झाला. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी चौथीतल्या सविताचा कागद माझ्या टेबलावर आला:

टँकर येतो भोंगा वाजवत
पहिला थांबतो सरपंचाच्या दारात
त्यांच्या म्हशी आंघोळ करतात
मग आमच्या गल्लीत येतो
पाणी येत न्हाई, भोंगा येतो
माय घागरीत भोंगा भरून आणती

वाचून मला घाम फुटला. पण घामावर शेरा कसा लिहायचा? मी नेहमीचंच केलं. टँकर येण्याच्या वेळेला घड्याळ लावून पारावर जाऊन बसलो. पहिला थांबा बरोबर. म्हशींची आंघोळ बरोबर, पाचच्या पाच म्हशी, पाइप लावून. टँकर सविताच्या गल्लीच्या तोंडाशी आला, भोंगा वाजवला आणि तळाचं गढूळ पाणी चार बायकांच्या घागरीत ओतून निघाला. पाचवी घागर सविताच्या आईची होती. मी परत येऊन बाईंना म्हणालो, “सगळं बरोबर हाय. शेवटची ओळ तेवढी चूक. घागरीत भोंगा भरता येत न्हाई.” बाई म्हणाल्या, “चला, बघून येऊ.”

सविताची आई दारातच बसली होती. शेजारी पालथी घातलेली घागर. बाईंनी पोरीनं लिहिलेलं तिला वाचून दाखवलं आणि सांगितलं की सरांना शेवटची ओळ पटली नाही. ती माउली हसली नाही, रडलीही नाही. घागर उचलून सरळ केली आणि माझ्या कानाशी धरली. “ऐका सर. हाय का न्हाई आत?” मी कान लावला. लांब, पुढच्या वाडीच्या रस्त्याला टँकर चालला होता, भोंगा वाजवत. आणि खरंच सांगतो, रिकाम्या घागरीत तो वाजत होता. बारीक, पण स्पष्ट. मी कान काढला, पुन्हा लावला. वाजतच होता. तिथंच गुडघ्यावर कागद ठेवून मी लिहिलं: ‘प्रत्यक्ष जागेवर तपासले. पूर्ण बरोबर आहे.’ सही केली. वर शाळेचा गोल शिक्का.

एक मेला झेंडावंदन आणि निकाल. सगळं गाव शाळेत. सरपंच पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आले, झेंडा फडकवला, पेढा खाल्ला आणि पाहुण्यांना कौतुकानं भिंत दाखवायला निघाले. चष्मा घरी विसरलेला. भिंतीपाशी उभी एक पोरगी दिसली तिला म्हणाले, “वाच गं हे. मोठ्यानं वाच, समद्यांना ऐकू जाऊ दे.” पोरगी बाईंची. गाऊन नाही, सांगून वाचायला शिकलेली. तिनं सांगितलं! म्हशींच्या आंघोळीपर्यंत लोक हसले, सरपंचही हसले, कारण गोष्ट कुणाची आहे हे त्यांच्या ध्यानात यायला एक ओळ उशीर झाला. घागरीच्या ओळीला कुणी हसलं नाही. बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी म्हणालं, “खोटं काय हाय त्यात?” सरपंच वळले आणि माझ्याजवळ येऊन अगदी हळू म्हणाले, “अप्पा, टँकरचं एक ठीक. पण आमच्या म्हशींवर शाळेचा शिक्का कशापायी?”

चार दिवसांनी आम्हा दोघांना तालुक्याच्या शिक्षण कचेरीत बोलावणं आलं. हे साहेब, जे परवा माइकवर होते, तेव्हा खुर्चीवर होते. बाजूला केंद्रप्रमुख. दाराबाहेर बाकावर गावातले दहा-बारा जण, सरपंचांसह. साहेबांनी कागद नाचवला, “हे काय आहे?” मी म्हणालो, “कविता.” “मग शिक्का कशाला?” “आपलाच आदेश होता साहेब. प्रत्येक कागद प्रमाणित करून लावावा.” केंद्रप्रमुखांनी एकाएकी पंख्याकडं बघायला सुरुवात केली. साहेब नरम झाले. म्हणाले, “हे बघा, विषय वाढवायचा नाही. तुम्ही लिहा, नजरचुकीनं शिक्का बसला. बाईंनी लिहावं, मुलीकडून चुकीचा मजकूर लिहून घेतला, माफी असावी. मुलगी गावापुढं सॉरी म्हणेल. संपलं.”

आता खरं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहितो. ‘नजरचुकीने’ हा शब्द असलेला कागद माझ्या खिशात तयार होता. आदल्या संध्याकाळी घरी बसून, सुवाच्य अक्षरात लिहिलेला. मी तो काढायला खिशात हातही घातला होता. तेवढ्यात बाई म्हणाल्या, “साहेब, एक कोरा कागद द्या.” सगळ्यांनी श्वास सोडला. केंद्रप्रमुखांनी स्वतःचं पेन दिलं. बाई खुर्चीच्या कडेवर बसून लिहीत होत्या आणि उघड्या दारातून बाहेरची सगळी माणसं ते बघत होती. सरपंचांनी तिथूनच हात जोडले. बाईंनी माफी लिहून दिली, ही अफवा त्या दारातून सुरू झाली. लोकांनी लिहिताना बघितलं. काय लिहिलं ते कुणी बघितलं नाही.

मी बघितलं. मी शेजारीच होतो. बाईंनी सविताची कविता लिहिली. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, न बघता, आपल्या वळणदार अक्षरात. खाली लिहिलं: ‘विद्यार्थिनीने पाहिले ते लिहिले. मी वाचले. मला मान्य आहे.’ सही. साहेबांचा चेहरा वाचता वाचता बदलत गेला. “बाई, ही माफी आहे?” “न्हाई साहेब. पोरीची कविता हाय.” “थोडा खेद तरी?” “खेद लई हाय. पण तो टँकरचा हाय. ती पोरगी सॉरी म्हणाली तर उद्या शाळेत मी बाकीच्या पोरांना काय शिकवू? दिसलेलं लिहू नका म्हणून?” साहेब माझ्याकडं वळले. “तुमचं काय?” खिशातला हात मी रिकामा बाहेर काढला. म्हणालो, “साहेब, मी गणिताचा माणूस. बरोबर आलेल्या उत्तराला चूक म्हणायचं मला जमत न्हाई.” वाक्य दणदणीत होतं, पण त्याआधी खिशात गेलेला हात बाईंनी बघितला होताच. बाहेर पडल्यावर म्हणाल्या, “सर, खिशातलं ते काय होतं?” मी म्हणालो, “किराणा सामानाची यादी.” त्या म्हणाल्या, “बरं झालं वाचून न्हाई दाखवली.”

मग व्हायचं ते झालं. मला नोटीस आणि सेवापुस्तकात ठपका. तो मी आजही दागिन्यासारखा मिरवतो. भिंतीला चुना लागला. टँकर पंधरा दिवस सविताच्या गल्लीत पहिला थांबला आणि मग पूर्वीसारखा विसरला. सविताच्या बापाला दोघांनी सुचवून पाहिलं की पोरीला घरी बसवा. त्यानं पाचवीला तिचं नाव पुढच्या गावात घातलं आणि रोज सायकलवर नेऊन सोडलं. ती कधीही, कुणापुढंही सॉरी म्हणाली नाही. बाईंची बदली झाली धर्माबादेच्या पलीकडं, तेलंगणाच्या हद्दीला टेकलेल्या एका गावी. पाठवणाऱ्यांना वाटलं, तिथल्या पोरांच्या घरी तेलुगू, आता कशा कविता लिहून घेते बघू. मी दिवाळीनंतर भेटायला गेलो तर व्हरांड्याची भिंत कागदांनी भरलेली, निम्मे शब्द मराठी, निम्मे तेलुगू, आणि बाई पोरांकडून एकेका शब्दाचा अर्थ विचारून वहीत उतरवून घेत होत्या. मला बघून म्हणाल्या, “इथं तर दोन दोन भाषेत खरं बोलून राहिले, सर!”

शेवटी लातूरला, लेकीच्या घरी, खाटेवर होत्या. आवाज तेवढा उरला होता. मी खूप बोललो, नकला केल्या, त्यांना हसवलं. निघताना मी म्हणालो, “बाई, त्या वेळी माझ्या खिशात यादी नव्हती.” त्यांनी डोळे मिटूनच उत्तर दिलं, “माहीत हाय. म्हणून तर मी आधी कागद मागितला. तुम्ही आधी काढला असता तर मला एकटीला लई जड गेलं असतं.” ... तर साहेब, असं आहे ते. माफी मागणारी बाई वेगळी असते. ही आपल्याबरोबरच्या भित्र्या माणसालासुद्धा वेळेवर सावरून घेणारी होती. तिचा मोठेपणा सांगायचाच असेल तर तो सांगा. न मागितलेली माफी तिच्या फोटोला हारासारखी घालू नका. तुमच्या फायलीत तो कागद अजून असेल. काढा आणि वाचा. पण गाऊन नको, सांगून वाचा.

मी आता दुसऱ्या गावी मुख्याध्यापक आहे. शनिवारचा पहिला तास मी घेतो, गणिताचा असूनही. पुस्तकातली एक कविता, मग पुस्तकं मिटून, येताना काय दिसलं ते. शोकसभेनंतरच्या शनिवारी तिसरीतल्या एका पोरीनं कागद दिला आणि पळून गेली. लिहिलं होतं:

शाळेत एकच झाड हाय
त्याच्या सावलीत सरांची गाडी बसती
आम्ही उन्हात बसून भात खातो
गाडी काहीच खात न्हाई

मी व्हरांड्यात येऊन बघितलं. लिंबाखाली माझी मोटारसायकल, ऐटीत. आणि तिच्यापलीकडं भिंतीला पाठ लावून, डोळे बारीक करून बसलेली पोरं. माझ्या तोंडात लगेच आलं होतं, मुख्याध्यापकांबद्दल असं लिहायचं असतं होय? आलं आणि गिळलं. खळीचं भांडं मागवून कागद स्वतः भिंतीवर लावला, दारासमोर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. मग गाडी ढकलत नेऊन फाटकाजवळ उन्हात लावली. त्या पोरीला बोलावून म्हणालो, “जा, सगळ्यांना वाचून दाखव.” तिनं झाडाखाली उभं राहून वाचलं, खणखणीत, माझ्याकडं बघत, एकही शब्द न खाता.

तेव्हापासून गाडीचं सीट भयंकर तापतं. घरी जाताना बसवत नाही. तापू दे.